बीसीएल-११-ए : गर्भीय हिमोग्लोबिनवरील कुलूप आणि सिकलसेल रुग्णाची आपल्या चिकित्सालयातील चिकित्सा

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. अशा गावात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याकडे संधिशूल, पांडुता, कामला आणि प्लीहावृद्धी या चार तक्रारी घेऊन येणारे रुग्ण नित्याचेच असतात. कधी या चारही तक्रारी एकाच बालकात एकत्र दिसतात आणि मग वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चिकित्सकांनी आमवात, पांडू, कामला अशी तीन निदाने त्याच्या कागदांवर लिहिलेली आढळतात. विदर्भात असा रुग्ण समोर आल्यास सिकलसेल व्याधीचा विचार सर्वप्रथम मनात यावयास हवा. प्रस्तुत लेखात आम्ही या व्याधीचे सर्वसामान्य वर्णन करणार नाही. ते वाचकांना परिचित आहे. गेल्या दीड-दोन दशकांत या व्याधीच्या अभ्यासात मध्यवर्ती स्थान मिळविलेल्या एका मानवी प्रथिनाचा परिचय करून द्यावा आणि त्याच्या आधारे आपल्या नित्याच्या चिकित्साकर्मात काय बदलावे लागते ते मांडावे, एवढाच हेतू आहे. या प्रथिनाचे नाव बीसीएल-११-ए.

नावाने बिचकण्याचे कारण नाही. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा अभ्यास चालू असता हे जनुक प्रथम लक्षात आले, म्हणून त्यास ते नाव पडले. रक्तवर्णाशी त्याचा काही संबंध असेल अशी कल्पना त्या वेळी कोणालाही नव्हती.

प्रथम पार्श्वभूमी. हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार शृंखलांचा बनलेला असतो. प्रौढात दोन अल्फा व दोन बीटा शृंखला असतात, तर गर्भात दोन अल्फा व दोन गॅमा. बीटा आणि गॅमा यांची जनुके अकराव्या गुणसूत्रावर एकाच रांगेत आहेत आणि विशेष म्हणजे ज्या क्रमाने ती आयुष्यात कार्यरत होतात त्याच क्रमाने ती मांडलेली आहेत. आधी भ्रूणावस्थेचे जनुक, मग गॅमाची दोन जनुके, शेवटी डेल्टा व बीटा. गर्भास मातेच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यावयाचा असल्यामुळे त्यास प्राणवायूची अधिक ओढ असलेले हिमोग्लोबिन लागते. जन्मानंतर ती गरज संपते. प्रसूतीच्या सुमारास गॅमाचे कार्य मंदावू लागते, बीटाचे वाढते आणि सहा महिन्यांचे मूल होईपर्यंत ही अदलाबदल बहुतांशी पूर्ण होते.

सिकलसेल व्याधीत दोष आहे तो बीटा शृंखलेत. तिच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू तयार होतात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. ती सूक्ष्म स्रोतसांत अडकते, लवकर फुटते. अडकल्याने शूल व फुटल्याने पांडुता आणि कामला. परंतु गॅमा शृंखलेत हा दोष नाही. शिवाय गॅमा असलेला रेणू त्या तंतूत नीट सामावत नाही, त्यामुळे तंतूची वाढच खुंटते. म्हणजे दोषयुक्त बीटा जनुक जन्मतःच असूनही नवजात बालक सुरक्षित असते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली नेमके हेच नोंदविले होते की, सिकलसेल दोष असलेल्या नवजात अर्भकांत वाकड्या पेशी अत्यल्प दिसतात आणि याचे कारण गर्भीय हिमोग्लोबिन असावे. पहिले बोट सुजणे, पहिला शूलवेग हे साधारणतः सहा महिन्यांनंतरच का सुरू होते, याचे उत्तर येथे आहे.

मग प्रश्न उरतो तो असा, की गॅमाचे जनुक नष्ट होत नाही, ते आयुष्यभर प्रत्येक पेशीत जसेच्या तसे असते. तर त्याला गप्प कोण बसवितो? साठ वर्षे संशोधक हा प्रश्न घेऊन बसले होते. उत्तर अनपेक्षित दिशेने आले. काही निरोगी प्रौढांत गर्भीय हिमोग्लोबिन थोडे जास्त राहते, काहींत अगदी नगण्य असते. हा फरक कोणत्या जनुकांमुळे पडतो हे शोधण्यासाठी संपूर्ण जनुकसंच धुंडाळण्याची पद्धत उपलब्ध झाली, तेव्हा २००७ साली लंडनच्या संशोधकांना आणि पाठोपाठ सार्डिनिया बेटावरील लोकांच्या अभ्यासात दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल-११-ए या जनुकाकडे बोट दाखविणारा पुरावा मिळाला. २००८ साली बोस्टन येथील विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने मानवी रक्तपेशींच्या पूर्वज पेशींत या प्रथिनाचे प्रमाण कमी करून पाहिले. गर्भीय हिमोग्लोबिन वाढले. २०११ साली सिकलसेल व्याधी असलेल्या उंदरांत रक्तपेशींपुरते हे जनुक काढून टाकले असता उंदरांचा व्याधी जवळजवळ नाहीसा झाला. बीटाचा मूळ दोष तसाच होता, तरीही.

हे प्रथिन करते काय? जनुकावरील लेख वाचून त्याची आरएनए प्रत तयार करणे, यास प्रतिलेखन म्हणतात. ती प्रत झाली नाही तर प्रथिन तयार होत नाही. प्रतिलेखन केव्हा व कोठे व्हावे हे ठरविणाऱ्या प्रथिनांपैकी बीसीएल-११-ए हे एक, आणि त्याचे काम मुख्यतः रोखण्याचे आहे. त्याच्या अंगावर जस्ताचा अणू धरून ठेवणाऱ्या बोटांसारख्या घड्या असतात. या बोटांनी ते डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखते. गॅमा जनुकाच्या प्रारंभापासून सुमारे ११५ अक्षरे अलीकडे असा एक क्रम आहे. त्यावर हे प्रथिन प्रत्यक्ष बसते, हे २०१८ साली सिद्ध झाले. ज्या थोड्या कुटुंबांत नेमक्या या जागी जन्मजात बदल असतो त्यांच्यात प्रौढपणीही गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर राहते आणि त्यांना त्याचा काहीही त्रास होत नाही. एकदा बसल्यावर हे प्रथिन इतर साहाय्यक प्रथिनांच्या समूहास बोलावून त्या भागातील डीएनए घट्ट गुंडाळवून घेते. वाचनयंत्रणेस आत शिरण्यास जागाच उरत नाही. तांबड्या पेशींत बीसीएल-११-ए स्वतः केव्हा तयार व्हावे, हे पुन्हा केएलएफ-१ नावाचे दुसरे प्रथिन ठरविते. कुलपावर पहारेकरी, पहारेकऱ्यावर मुकादम, असा हा कारभार आहे.

वाचकांपैकी काहींच्या मनात चरकाचार्यांच्या शारीरस्थानातील बीज, बीजभाग व बीजभागावयव ही परंपरा आली असेल. सुश्रुताने सांगितलेला आदिबलप्रवृत्त व्याधींचा वर्गही आठवेल. मातापित्यांच्या बीजातील अवयवदुष्टीने अपत्यात विशिष्ट विकृती येते ही कल्पना सिकलसेलच्या आनुवंशिकतेस जवळची आहे आणि रुग्णास समजावताना तिचा उपयोग होतो, हे आम्ही मान्य करतो. तथापि बीसीएल-११-ए हे संहितांत कोठेतरी दडलेले आहे असे दाखविण्याच्या भरीस कोणी पडू नये. त्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. आपल्या दृष्टीने याहून उपयुक्त बाब वेगळी आहे. एकाच बीजदोषाचे दोन रुग्ण, एक वर्षातून सहा वेळा रुग्णालयात जाणारा व दुसरा शेतात राबणारा, असे का भेटतात, याचे एक ठोस कारण आता हाती आले आहे.

विदर्भातील रुग्णांबाबत हे विशेषच खरे. भारतात हा व्याधी प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदविला गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच नागपूरहून विदर्भातील रुग्णांची नोंद झाली. गोंड, प्रधान, माडिया यांसारख्या आदिवासी समाजांत, तसेच अनुसूचित जातींतील व इतर मागासवर्गांतील अनेक समाजांतही तो येथे आढळतो. तो केवळ आदिवासींचा व्याधी आहे हा समज निदानास घातक ठरतो. आपल्याकडील दोषयुक्त जनुक ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आहे तिला अरब-भारतीय असे नाव आहे. तिच्यात गॅमा जनुकाच्या अलीकडे १५८ व्या स्थानी एक असा बदल असतो की ज्यामुळे गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकेतील बहुतेक रुग्णांपेक्षा बरेच जास्त राहते. त्यावरून एके काळी भारतातील सिकलसेल सौम्य असतो असे पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवाने ते विधान निदान विदर्भापुरते तरी डळमळीत केले आहे. येथील मुलांना तीव्र शूलवेग, फुप्फुसविकार, रक्तक्षयाचे झटके हे सर्व होतात. गर्भीय हिमोग्लोबिनचे एकूण प्रमाण जास्त असले तरी ते सर्व पेशींत सारखे वाटलेले नसते, आणि ज्या पेशीत ते नाही ती वाकडी होतेच.

आता या ज्ञानाचा चिकित्सेशी संबंध. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्ही येथेच सांगून ठेवतो. आमवाताच्या चिकित्सेत चक्रदत्ताने लंघन, स्वेदन, तिक्त-कटू व दीपन द्रव्ये आणि विरेचन हा क्रम दिला आहे, आणि आपण तो बहुतेक न चुकता अनुसरतो. सिकलसेलच्या शूलवेगात हाच क्रम अपाय करतो. कारण सरळ आहे. तंतू तयार होण्याचा वेग पेशीतील दोषयुक्त हिमोग्लोबिनच्या घनतेवर अत्यंत अवलंबून असतो. घनता थोडी वाढली तरी वेग कित्येक पटींनी वाढतो. लंघनाने, सर्वांग स्वेदनाने आणि विरेचनाने शरीरातील द्रव कमी होतो, त्याबरोबर तांबडी पेशीही आक्रसते आणि तिच्यातील हिमोग्लोबिन दाटते. वैद्याने आमपाचनाच्या हेतूने दिलेले विरेचन अशा रीतीने नव्या शूलवेगाचे निमित्त होऊ शकते. वमनाबाबतही तेच. रक्तमोक्षण, जळूसुद्धा, आधीच पांडुता असलेल्या या रुग्णात करू नये. वेगाच्या काळात वेदनेच्या जागी कोमट तेलाचा हलका अभ्यंग व सौम्य स्थानिक उष्णता यांस हरकत नाही. गार पाणी व बर्फ मात्र टाळावे.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. उन्हात मोहफुले वेचणारा, तेंदूपत्ता तोडणारा किंवा कापसाच्या हंगामानंतरची शेतकामे करणारा सिकलसेल रुग्ण सायंकाळी पोटऱ्या व कंबर दुखत असल्याची तक्रार घेऊन आला, तर ती साधी श्रमजन्य वेदना समजून सोडून देऊ नये. भरपूर पाणी, मिठाचे ताक, लिंबाचे सरबत हे पथ्य येथे औषधाइतकेच मोलाचे आहे. डिसेंबर-जानेवारीतील थंडी हे दुसरे निमित्त. पहाटे ओलितास जाणाऱ्या तरुणांना याची जाणीव करून द्यावी.

लोहकल्पांविषयी. पांडुतेत लोह अथवा मांडूर देणे हा आपला हातखंडा. सिकलसेलमधील पांडुता पेशी फुटल्याने येते आणि फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते. त्यातून रुग्णास वारंवार रक्त चढविलेले असल्यास लोहाचा संचय यकृतास व हृदयास बाधक होतो. अशा रुग्णास नवायस लोह किंवा पुनर्नवा मांडूर दीर्घकाळ देणे योग्य नाही. याचा अर्थ सर्वच रुग्णांत लोह वर्ज्य असा मात्र घेऊ नये. आपल्याकडील कुपोषणात सिकलसेल रुग्णातही लोहाची कमतरता असू शकते आणि केवळ वाहक असलेल्या स्त्रियांत तर ती सर्रास आढळते. रक्तातील फेरिटिन तपासून मग ठरवावे. अनुमानाने लोह देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

पुढील लक्षणांत रुग्णास आपल्याकडे एक घटकाही थांबवू नये. ज्वरासह छातीत दुखणे किंवा धाप, अचानक पांढरा पडणारा चेहरा व हातास लागणारी वाढती प्लीहा, अर्धांग किंवा वाणीदोष, कित्येक तास न ओसरणारा वेदनायुक्त शिश्नोत्थान, लहान मुलातील तीव्र ज्वर. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी मेघेचे विनोबा भावे रुग्णालय हिंगणी परिसरास जवळ आहेत. तरुण रुग्ण महिनोन्महिने मांडीच्या सांध्यात दुखत असल्याचे सांगत असेल, तर गृध्रसी म्हणून बस्ती सुरू करण्यापूर्वी क्ष-किरण चित्र काढावे. ऊर्वस्थीच्या शिराचा रक्तपुरवठा तुटल्याने तो भाग झिजत असण्याची शक्यता या व्याधीत मोठी असते.

औषध दुकानदारांसाठी हा भाग आम्ही मुद्दाम वेगळा लिहीत आहोत. सिकलसेल रुग्णास दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुळात कर्करोगाच्या वर्गातील; ते गर्भीय हिमोग्लोबिन वाढविते हे १९८० च्या दशकात लक्षात आले आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत प्रौढांचे शूलवेग त्याने जवळपास निम्म्याने कमी झाले. नागपूर येथे मुलांवर झालेल्या अभ्यासात प्रतिकिलो १० मिलिग्रॅम या अल्प मात्रेनेही चांगला गुण दिसला. येथील रुग्णांसाठी हे औषध म्हणजे सध्याचा मुख्य आधार. त्याने श्वेतपेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक अंतराने रक्तगणना करावी लागते. गर्भवतीस ते देत नाहीत, आणि घरातील गर्भवतीने ते हाताळूही नये. ‘कॅन्सरची गोळी’ आहे म्हणून रुग्ण घाबरून बंद करतो असा अनुभव सार्वत्रिक आहे. दुकानदाराने दोन मिनिटे देऊन ती भीती घालविली तर मोठे काम होईल. चिठ्ठीवाचून मात्र ते देऊ नये. या रुग्णास आपली तीव्र रसौषधे किंवा भल्लातकयुक्त कल्प एकाच वेळी सुरू केल्यास रक्तगणनेतील बदल कशामुळे झाला हे कळेनासे होते, हे टाळावे.

वेदनाशामकांचेही तसेच. या व्याधीत मूत्रपिंडे आधीच दुबळी असू शकतात. त्यात पाणी कमी झालेल्या रुग्णाने दुकानातून डायक्लोफिनॅक घेऊन रोज खाणे धोक्याचे. बाजारात सांधेदुखीच्या नावाने मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस बरे वाटते, बंद करताच वेग उसळून येतो आणि अस्थीच्या शिराची झीज वाढते. आयुर्वेदाचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्या आपल्या काउंटरवर असू नयेत.

वनौषधींच्या बाबतीत आशा ठेवावी, पण हिशेबाने. नायजेरियातील राष्ट्रीय औषध संशोधन संस्थेने तेथील एका पारंपरिक वैद्याच्या पाठावरून लवंग, ज्वारीची पाने, एक प्रकारची मिरी व रक्तचंदनाच्या कुळातील एक काष्ठ यांचे ‘निप्रिसान’ हे औषध तयार केले. लहानशा नियंत्रित चाचणीत त्याने तीव्र वेदनेचे वेग कमी झाल्याचे दिसले. ते तेथे बाजारातही आले, परंतु उत्पादक कंपनीच्या अडचणींत सापडून दुर्मिळ झाले. परंपरेतील पाठ शास्त्रीय कसोटीवर उतरविता येतो, याचे हे उदाहरण आहे. मात्र ते पेशी वाकडी होण्यास विरोध करते. बीसीएल-११-ए च्या कुलपास हात लावते असा पुरावा नाही. एखाद्या वनस्पतीच्या अर्काने काचपात्रातील पेशींत गर्भीय हिमोग्लोबिन वाढले, अशा वार्ता अधूनमधून येतात. काचपात्र आणि रुग्ण यांत बरेच अंतर असते.

त्या कुलपास थेट हात घालणारा उपचार मात्र आता अस्तित्वात आहे. बीसीएल-११-ए संपूर्ण शरीरात बंद करता येत नाही, कारण मेंदूच्या वाढीस आणि काही श्वेतपेशींच्या निर्मितीस ते आवश्यक असते. ज्या बालकांत या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असते त्यांच्यात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त राहते खरे, पण बौद्धिक वाढ खुंटते. मार्ग सापडला तो २०१३ साली. या जनुकाच्या पोटात एक छोटा खंड असा आहे की जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात त्याचे उत्पादन वाढवितो. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढायच्या, क्रिस्पर तंत्राने नेमका तो खंड छेदायचा आणि तीव्र औषधाने रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करून त्या पेशी परत द्यायच्या. २०१९ साली अमेरिकेतील पहिल्या सिकलसेल रुग्णावर हा प्रयोग झाला; २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने त्यास मान्यता दिली. अमेरिकेतील किंमत एका रुग्णास बावीस लाख डॉलर. सेलू तालुक्यातील शेतमजुराच्या घरी या आकड्याचा अर्थ काय हे सांगावयास नको. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वस्त देशी तंत्राचे काम चालू आहे.

तोवर आपल्या हाती निदान आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा व्याधी समाविष्ट असल्याने प्रमाणपत्राचा लाभही मिळू शकतो. विद्राव्यता चाचणी स्वस्त व झटपट होते. नळीतील द्रव गढूळ झाला तर दोषयुक्त हिमोग्लोबिन आहे. पण रुग्ण व वाहक यांतील फरक ती सांगत नाही, त्यासाठी एचपीएलसी अथवा विद्युत्-पृथक्करण करावे लागते. सहा महिन्यांखालील बालकात ही चाचणी नकारात्मक आली तर तिच्यावर विसंबू नये, कारण वर पाहिल्याप्रमाणे त्या वयात गर्भीय हिमोग्लोबिनच अधिक असते. अलीकडे रक्त चढविलेल्या रुग्णातही निष्कर्ष फसवा येऊ शकतो. तेथे सुमारे तीन महिने थांबून तपासणी करावी. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत व्याधीची शक्यता चारांत एक इतकी असते आणि आधीची दोन मुले निरोगी असली तरी ती बदलत नाही. एका घरात एक रुग्ण सापडला की त्याची सर्व भावंडे तपासावीत, आणि घरात लग्न ठरण्यापूर्वी किंवा पुढच्या गर्भधारणेपूर्वी तपासणीचा कागद मागून घ्यावा. गर्भधारणा आधीच झालेली असल्यास दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भनिदान शक्य असते, त्यामुळे पहिल्या भेटीतच पतीचीही चाचणी लिहून द्यावी.